गोष्टीचे पैसे

दिवाळी अंकांची निमंत्रणं मे महिन्याच्या अखेरीस येऊ लागतात. पूर्वी छापील पोस्टकार्ड यायचं, आता व्हॉट्सॲपवर निरोप येतो. मजकूर ठरलेला असतो: अंकाची परंपरा, यंदाचा विशेष विषय, शब्दमर्यादा अडीच ते तीन हजार, कथा युनिकोडमध्ये टाइप केलेली हवी, जुलैच्या मध्यापर्यंत पाठवावी. कथा केवढी हवी हे सगळे सांगतात. तिचे पैसे किती देणार, हे क्वचितच कुणी सांगतं. नवी लिहिणारी मुलं मला विचारतात, "ताई, मानधनाचं आधी विचारलं तर चालतं का?" चालतं. विचारलंच पाहिजे. मी विचारते, आणि तेवढ्यासाठी माझी कथा कुणी नाकारलेली मला आठवत नाही.

मराठीत कथेवर घर चालत नाही, हे आधी स्पष्ट सांगते. आपले मोठे कथाकार नोकरी करून लिहीत होते. गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवत, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. जन्मभर कथाच लिहिणारे अरविंद गोखले पुण्याच्या शेती महाविद्यालयात होते. व्यंकटेश माडगूळकर आकाशवाणीत, व. पु. काळे मुंबई महापालिकेत. ज्यांच्या कथा घरोघर वाचल्या गेल्या, त्यांचीही महिन्याची बेगमी दुसरीकडूनच होत होती. यावरून पुष्कळ लोक असा निष्कर्ष काढतात की पैसे ही कथेच्या बाबतीत गौण गोष्ट आहे. तो मला अजिबात मान्य नाही. पोट भरण्याइतके पैसे मिळत नाहीत म्हणून मिळायचे तेही सोडून द्यावेत, हा न्याय आपण इतर कुठल्या कामाला लावतो?

माझ्या पहिल्या कथेचे पैसे मनीऑर्डरीनं आले. पोस्टमननं सही घेतली, नोटा मोजून हातावर ठेवल्या आणि फॉर्मच्या तळाशी असलेला संदेशाचा भाग फाडून दिला. त्यावर संपादकांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, शेवट आवडला, पुढची कथा पाठवा. सासूबाईंनी नोटा आधी देवापुढे ठेवायला लावल्या. त्या पैशांत काय घेतलं ते आता आठवत नाही, पण घरात काय बदललं ते नीट आठवतं. तोवर दुपारी मी कागद घेऊन बसले की ते माझं वेळ घालवणं होतं; शेजारची कुणी आली की उठावं लागायचं. मनीऑर्डरीनंतर सासूबाई दारातूनच सांगू लागल्या, "ती कामात आहे, जरा वेळानं या." रक्कम लहान होती, पण तिनं मला दुपारचे दोन तास मिळवून दिले. लिहिणाऱ्या बाईला घरात असे तास मागून मिळत नाहीत. 1930 साली 'स्त्री' मासिक निघालं. त्यासारख्या मासिकांनी बायकांना छापून आणलं, हा त्यांचा मोठेपणा सांगितला जातो, आणि तो आहेच. त्या बायकांच्या पत्त्यावर आलेल्या पैशांनी किती घरांत दुपारी दार लोटून बसण्याचा हक्क मिळाला असेल, तेही कुणीतरी एकदा लिहायला हवं.

मराठी कथा मासिकांच्या पोटातच वाढली. हरिभाऊ आपट्यांनी 1890 मध्ये 'करमणूक' काढलं आणि त्यांच्या स्फुट गोष्टी त्यातून येऊ लागल्या. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'मध्ये वि. सी. गुर्जरांनी गोष्टींमागून गोष्टी लिहिल्या, आणि त्याच 'मनोरंजन'नं 1909 मध्ये पहिला दिवाळी अंक काढला. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याची खबर म्हणून 1920 मध्ये सुरू झालेलं पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. मग 'सत्यकथा'. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्याकडून कथा परत येणं हेसुद्धा एक शिक्षण होतं, असं त्या पिढीतले लेखक सांगत. 1982 मध्ये 'सत्यकथा' बंद पडलं. एकेक करून इतर मासिकंही गेली किंवा रोडावली, आणि वर्षभर चालणारा कथेचा बाजार दिवाळीच्या एका महिन्यावर येऊन ठेपला. आज कथा विकायची तर उन्हाळ्यात लिहावी लागते, पावसाळ्यात पाठवावी लागते, आश्विनात छापून येते. पैसे आले तर होळीच्या सुमाराला येतात.

पैसे देण्याच्या रीतीचा कथेच्या अंगावर परिणाम होतो. चेकॉव्ह तरुणपणी पीटर्सबर्गच्या एका विनोदी साप्ताहिकात लिहीत होता. ओळीला आठ कोपेक मिळायचे आणि मर्यादा शंभर ओळींच्या आसपास. त्या आवळलेल्या जागेत तो जे शिकला ते पुढे त्याला जन्मभर पुरलं. आपल्याकडे हिशेब ओळीवर नसतो, कथेमागे ठोक रक्कम असते. त्यामुळे लांबवण्यात लेखकाचा काही फायदा नाही, उलट संपादकाची पानं जातात. मला ही रीत पसंत आहे, कारण ती गोष्ट घट्ट ठेवते.

याचा एक दाखला देते. माझ्या एका कथेत एसटीतल्या कंडक्टरची बायको आहे. नवरा गेल्यानंतर घरात राहिलेली त्याची पेटी, तिकिटांचा ट्रे आणि पंच ती डेपोत परत करायला जाते. मी सुरुवात डेपोच्या सकाळपासून केली होती: धुतलेल्या गाड्या, कॅन्टीनमधला चहा, फलाटावरची गर्दी, कंट्रोलरची शिट्टी. संपादकांनी कळवलं की सहाशे शब्द जास्त आहेत, जाहिरात आल्यामुळे एक पान कमी झालंय, आणि बाई टेबलावर पेटी ठेवते तिथून सुरुवात करता येईल का पाहा. मी रात्रभर त्या सहाशे शब्दांपाशी बसले. सकाळी कथा अशी सुरू झाली: बाईनं पेटी टेबलावर ठेवली आणि कारकून म्हणाला, पंचाचा नंबर रजिस्टरशी जुळत नाही. बस. डेपोची सकाळ त्या एका वाक्यात आली, कारण नंबर जुळत नाही म्हटल्यावर बाईला तिथं थांबावं लागलं, आणि थांबलेल्या माणसाला सगळं दिसतंच. शिट्टीसुद्धा पुढे एका ठिकाणी आपोआप आली. त्या संपादकांनी कथेचे पैसे ठरल्याप्रमाणे दिले. पैसे देणारा संपादक कथा बारकाईनं वाचतो, असा माझा अनुभव आहे. फुकट मिळालेली कथा बहुतेक वेळा जशीच्या तशी, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसकट छापली जाते.

आता दुसरी बाजू. हजार-दीड हजारांत कथा घेणारे अंक आजही आहेत, त्याहून बरं देणारे मोजके आहेत, आणि अंकाची एक प्रत म्हणजेच मानधन असं मानणारे पुष्कळ. संपादकांच्या अडचणी मी जवळून पाहिल्या आहेत. अंकाच्या किमतीतून कागदाचाही खर्च निघत नाही, सगळा भार जाहिरातींवर, आणि जाहिरातदार दिवाळी उलटली तरी पैसे थकवतात. हे सारं खरं. पण कागदवाला उधारीवर किती दिवस थांबतो? छपाईवाला थांबत नाही. अक्षरजुळणी करणाऱ्याला पानामागे पैसे मिळतात, मुखपृष्ठाच्या चित्रकाराला मिळतात, गठ्ठे बांधून पोचवणाऱ्यालाही मिळतात, आणि मिळायलाच हवेत. ज्याच्या मजकुरासाठी वाचक अंक उघडतो, तोच तेवढा रांगेत शेवटी उभा. एका अंकानं माझी कथा छापून दोन वर्षं काही कळवलं नाही. फोन केला तर म्हणाले, आम्ही तुम्हाला व्यासपीठ दिलं. मी त्यांना पुन्हा कथा दिली नाही. नव्या मुलांनाही माझं हेच सांगणं आहे: पहिल्यांदा फसलात तर हरकत नाही, दुसऱ्यांदा तिथं जाऊ नका. रक्कम लहान असेल तर ती आनंदानं घ्या, पण ती किती आणि कधी, हे कथा पाठवण्याआधी लिहून घ्या. व्हॉट्सॲपवरची एक ओळही पुरते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट हक्कांची. अंकाला आपण कथा एकदा छापायला देतो, कथा देऊन टाकत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो, म्हणजे आपल्या नातवंडांनाही तो उपयोगी पडू शकतो. हे मी मुद्दाम सांगते, कारण कथेची खरी कमाई बहुतेक वेळा पहिल्या छापण्यात नसते. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी आपल्या कथा गावोगावच्या मंचांवर नेल्या, आणि अंकात वाचून झालेली गोष्ट ऐकायला लोक पुन्हा आले. कथेचा संग्रह होतो, एकांकिका होते, हिंदीत किंवा कन्नडमध्ये अनुवाद होतो, आता ऑडिओबुक होतं. माझ्या कंडक्टरच्या बायकोनं अंकातून जे मिळवलं, त्याच्या कितीतरी पट पुढे अभिवाचनातून आणि अनुवादातून मिळवलं. हल्ली काही जण मानधनाच्या पावतीवरच 'सर्व माध्यमांचे सर्व हक्क' अशी ओळ छापून आणतात. ती ओळ खोडून, शेजारी 'एकदा छापण्यापुरते' असं लिहून मग सही करावी. मी तसंच करते.

आणि वाचकांना एक मनापासून विनंती. दिवाळीनंतर आठवड्याभरात अंकांच्या पीडीएफ ग्रुपवर फिरू लागतात. पाठवणाऱ्याला वाटतं, आपण साहित्याची सेवा करतो आहोत. तशी पीडीएफ आली तर पुढे पाठवू नका. सगळे अंक विकत घेणं कुणालाच परवडत नाही, त्यासाठी वाचनालयांच्या दिवाळी अंक योजना आहेत, थोडक्या वर्गणीत पुष्कळ अंक वाचायला मिळतात. मात्र ज्या अंकातली एखादी कथा तुम्हाला आवडली, तो एक अंक दुकानातून पैसे देऊन आणा, आणि संपादकांना दोन ओळी लिहून कळवा की तो कुठल्या कथेसाठी घेतला.