परक्या मुलखातलं दुकान

सोमालिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतात ते चाचे. मार्च २०२४ मध्ये नौदलानं पस्तीस सोमाली चाच्यांना पकडून मुंबईत आणलं, तेव्हा आमच्या बुरोंडीच्या बंदरावरही आठवडाभर तोच विषय होता. समुद्रावर पोट असलेल्या गावात तो निघणारच म्हणा. पण सोमाली माणसाची आणखी एक ओळख आहे, आणि ती मला फार जवळची वाटते. ती आहे दुकानदाराची.

१९९१ साली सोमालियात सियाद बारेची राजवट कोसळली, यादवी पेटली आणि लाखो माणसं सरहद्द ओलांडून केनियात आली. त्यातली बरीचशी नैरोबीच्या ईस्टले भागात शिरली. (एके काळी तिथे आपल्या भारतीयांचीच मोठी वस्ती होती!) तिथे गरिसा लॉज नावाचं एक लॉज होतं. निर्वासित भाड्याच्या खोलीतच कपडे मांडून विकायचे आणि रात्री त्याच मालाशेजारी पथारी पसरायचे. काही वर्षांत त्या लॉजचाच बाजार झाला. मग आजूबाजूला बहुमजली बाजारपेठा उभ्या राहिल्या. दुबईहून माल येऊ लागला आणि तो घ्यायला शेजारच्या देशांतले व्यापारीही ईस्टलेत येऊ लागले.

भांडवल कुठून आलं? निर्वासिताला कुठली बँक दारात उभी करणार? पैसा आला नात्यागोत्यातून. लंडनच्या मावशीनं थोडे दिले, दुबईच्या चुलतभावानं उधारीवर माल दिला. पैसे पोचवायला हवाला. हा शब्द आपल्याकडे पोलिसांच्या बातमीत येतो, तिकडे तो घरखर्चाचा शब्द आहे. आणि सोमाली बायका चालवतात ती 'हगबड'. दर महिन्याला सगळ्यांनी ठरावीक रक्कम टाकायची, गोळा झालेली रक्कम पाळीपाळीनं एकेकीनं उचलायची. म्हणजे काय? आपली भिशीच की!

पण दुसऱ्याच्या गावात धंदा वाढला की नजराही वाढतात. सप्टेंबर २०१३ मध्ये अल-शबाबनं नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवर हल्ला केला. पुढे काही स्फोट झाले आणि एप्रिल २०१४ मध्ये पोलिसांनी ईस्टलेत घरोघर झडत्या घेऊन हजारो सोमालींना धरलं. कित्येकांना एका स्टेडियममध्ये नेऊन कागद तपासले. दक्षिण आफ्रिकेत तर मे २००८ च्या दंगलींत परदेशी लोकांवर हल्ले झाले, साठावर माणसं मेली, सोमालींची दुकानं लुटली गेली. केप टाऊनच्या वस्त्यांमध्येही तेच झालं.

केप टाऊन! इथे मात्र आपला संबंध येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातले आणि जंजिऱ्याकडचे कोकणी मुसलमान तिथे जात होते. आधी फळं-भाजीची फेरी, मग कोपऱ्यावरचं किराणा दुकान. गाववाला गाववाल्याला बोलावून घ्यायचा, दुकानात ठेवायचा. तिथेही डोळ्यांत सलायला वेळ लागला नाही. १९०६ च्या कायद्यानंतर गावी यायचं तर परवाना घ्यावा लागे. मुदतीत परत पोचलं नाही तर परतीचा हक्क जाई. १९१३ च्या कायद्यानं नव्यांना दार जवळजवळ बंदच झालं. १९६६ मध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स हा केप टाऊनचा भाग फक्त गोऱ्यांचा म्हणून जाहीर झाला आणि तिथल्या घरादारांवर, दुकानांवर पाणी सोडावं लागलं.

आमच्या ओळखीच्या एका आजींचे आजोबा असेच 'केप'ला होते. आयुष्यात तीनदा गावी आले. आजी सांगतात, "आजोबा आले की दादी आधी कागदावरची तारीख वाचून घ्यायची. नंतरच चुलीकडे वळायची." नवरा कधी आला यापेक्षा कधी जाणार, हे त्या बाईला आधी कळायला हवं होतं.

हे सगळं आज लिहायचं कारण घरचंच आहे. आमचा रस्त्यालगतचा गाळा रिकामा आहे. राजस्थानातल्या जालोरकडच्या एका मुलाला तिथे हार्डवेअरचं दुकान काढायचंय. घरात दोन तट पडलेत. दादाचं म्हणणं, "बाहेरच्यांना जागा देत गेलो तर आपल्या पोरांनी काय करायचं? दिलाच गाळा तर अकरा महिन्यांचा करार कर. पुढे वाढवू नकोस. मुळं धरली की हलणार नाही."

दादाचं सगळंच खोटं नाही. त्या मुलाला त्याच्या काकाकडून लाखांचा माल उधारीवर मिळतो. आपल्या पोराला अशी उधारी कोण देणार? पण ही त्या मुलाची लबाडी नव्हे. ती त्याच्या माणसांनी एकमेकांवर टाकलेल्या विश्वासाची कमाई आहे. केपला कोकणी माणूस ह्याच जोरावर उभा राहिला, ईस्टलेत सोमालीही. आपल्या कलमांच्या बागा नेपाळी गडी राखतात, ते आपल्याला चालतं. म्हणजे बाहेरचा माणूस मजूर म्हणून चालतो, मालक झाला की खुपतो, असं तर नाही ना?

दादा, तू हे वाचशील म्हणून इथेच सांगते. मी पाच वर्षांचा करार करायचं म्हणतेय, रीतसर नोंदणी करून. आपल्या पोरांसाठी गावात दहा-बारा जणांची भिशी सुरू करू, पहिली उचल ज्याला धंदा काढायचाय त्याला. पहिला हप्ता माझा. पण अकरा महिन्यांच्या कागदावर सही करायला माझा हात उठत नाही. जालोरमध्येही कुणीतरी बाई ती तारीख वाचत असेल.