आठवणीची जबानी

चि. मृणालिनी हिस,



तुझे पत्र पोहोचून बरेच दिवस झाले. उत्तरास विलंब झाला तो प्रकृतीमुळे नव्हे. तू जो प्रश्न विचारलास तो उलट टपाली निकालात काढण्याजोगा नव्हता, म्हणून. बॉस्टननजीकच्या ज्या आधारगटात तू स्वयंसेविका म्हणून दर आठवड्यास बसतेस, तेथे बालपणी घरच्याच माणसांकडून लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रिया आपापली हकीकत एकमेकींस सांगतात, आणि त्यांतील बहुतेकींविषयी तुझ्या मनात लवमात्र किंतु नाही. परंतु जी बाई केवळ झोप लागत नाही आणि संसारात जीव रमत नाही एवढीच तक्रार घेऊन आली होती, ती काही महिन्यांनी आपल्या आजोबांविषयी असे काही सांगू लागली की जे तिला उभ्या आयुष्यात कधी आठवले नव्हते, दर बैठकीगणिक त्यात नव्या तपशिलाची भर पडत चालली आहे, आणि मान डोलावताना तू आतल्या आत अडखळतेस व मग त्या अडखळण्याचीच तुला शरम वाटते, असे तू लिहितेस. त्या बाईचे नावगाव तू कळवले नाहीस हे योग्यच केलेस. शरम मात्र सोडून दे. तिचा येथे काही उपयोग नाही.

तुमच्या गटात शंकेला जी बंदी आहे ती उगाच आलेली नाही, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली रद्द केली, आणि मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत हे त्यासाठी एक कारण पुढे केले. त्या निकालावर देशभर गदारोळ उठला, १९८३ साली कायदा बदलला, आणि पीडित स्त्रीची साक्ष विश्वासार्ह असेल तर तिला दुसऱ्या कोणाच्या दुजोऱ्याची गरज नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाच्याच १९९६ च्या गुरमीत सिंग निकालाने ठासून सांगितले. पण मधल्या वर्षांत किती बायांची फिर्याद ठाण्याच्या उंबऱ्यावरच विझली असेल याचा हिशेब कोणत्याही दफ्तरी नाही. आम्ही न्यायखात्यात आलो ते १९७८ च्या त्या निकालाच्या सावलीत. तेव्हा ज्यांना आयुष्यभर 'तू खोटे बोलतेस' हेच ऐकावे लागले, त्यांनी स्वतःसाठी एक खोली अशी राखली की जेथे कोणी तसे म्हणणार नाही, तर त्या खोलीच्या दाराशी उलटतपासणी मांडून बसणे हे निर्दयपणाचे होईल.

येथवर तुझ्या सहकारिणींचे आणि माझे एकमत आहे. वाद पुढे सुरू होतो.

माझ्यासमोर पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या अशा मुली आणि बाया मला आठवतात, आणि त्या सर्वांत एक गोष्ट समान होती: त्या विसरलेल्या नव्हत्या. एक मुलगी, चौदा-पंधरा वर्षांची, न्यायासनाकडे न पाहता टंकलेखकाच्या यंत्राकडे पाहत सांगत होती की मामाने आधी किल्ल्यांचा जुडगा खिडकीत ठेवला, त्यात एक किल्ली पितळेची होती आणि ती तिच्या आईच्या कपाटाची होती. किल्ल्यांबद्दल तिला कोणी विचारलेही नव्हते. तिने पाच वर्षे हे कोणाला सांगितले नव्हते, आईलाही नाही; पण एक दिवसही ती ते विसरली नव्हती. बोलता न येणे ही एक गोष्ट, आठवत नसणे ही सर्वस्वी दुसरी. आणि तुमच्याकडे गेल्या अर्धशतकात जो अनर्थ झाला, त्याचे मूळ मला या दोहोंच्या गल्लतीत दिसते.

या गल्लतीचा इतिहास फार जुना आहे. व्हिएन्नात फ्रॉइडने १८९६ साली अठरा रुग्णांच्या आधारे जाहीर केले की उन्मादाच्या मुळाशी बालपणीचा लैंगिक अत्याचार असतो. त्या रुग्णांना तो आपणहून आठवत नव्हता, वैद्यबुवांनीच आग्रह धरधरून तो त्यांच्याकडून वदवून घेतला होता. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात त्याने आपला मित्र फ्लीस याला कळवले की या सिद्धान्तावर आता माझा विश्वास उरलेला नाही. मग पुढील कित्येक दशके वैद्यांनी खऱ्याखुऱ्या अत्याचारालाही कल्पनेचे खेळ ठरवले. आधी नसलेले वदवून घेतले, नंतर असलेले नाकारले. दोन्ही खेपेस बाईच्या तोंडचे शब्द मोजणारा माप धरून बसला होता तो पुरुषच.

तुझ्याच परिसरात, १९८७ साली, ज्युडिथ हर्मन आणि एमिली शॅट्झो या दोघींनी अशाच गटांतील त्रेपन्न स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गटात बसल्याने बुजलेल्या आठवणी वर येतात, आणि चौऱ्याहत्तर टक्के स्त्रियांना आपल्या हकीकतीस कोठून ना कोठून दुजोरा मिळाला, असे त्यांनी नोंदवले. निबंध प्रामाणिक आहे. पण न्यायाधीशाच्या नजरेने वाचला की दोन जागी पेन्सिल थांबते. पहिली गोष्ट, ज्यांना सर्व काही नेहमीच आठवत होते त्या आणि ज्यांना गटात नव्याने आठवले त्या, या दोन्ही प्रकारच्या बायांचा दुजोरा एकाच बेरजेत घातलेला आहे. दुसरी, दुजोरा मिळाला हेही बहुतांशी त्या त्या बाईच्याच सांगण्यावरून लिहिलेले आहे. पुढच्याच वर्षी एलन बास आणि लॉरा डेव्हिस यांचे 'द करेज टु हील' निघाले आणि लक्षावधी घरांत पोहोचले. ज्यांच्यावर खरोखर प्रसंग गुदरला होता अशा असंख्य स्त्रियांना त्या पुस्तकाने धीर दिला हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु स्पष्ट आठवण नसली तरी संशय वाटतो आहे आणि लक्षणे जुळत आहेत, तर घडले असेच समज, असाही त्याचा उपदेश होता, आणि लक्षणांची यादी इतकी ऐसपैस की निद्रानाशापासून आत्मविश्वासाच्या अभावापर्यंत कोणाचेही दुखणे तीत सामावून जावे.

आता गटात काय घडते ते पाहा. आमच्या जुन्या कोर्टाला लांब व्हरांडा होता. एका साक्षीदाराची जबानी चालू असताना बाकीच्यांनी बाहेर थांबावे, एकाने दुसऱ्याची साक्ष ऐकू नये, असा शिरस्ता आहे; पण पुकारा होईपर्यंत एका गावची सगळी माणसे त्याच व्हरांड्यात, तंबाखू मळत, शेंगा फोडत दिवस काढीत, आणि बोलण्याचा विषय अर्थातच खटला हाच असे. रात्रीच्या मारामारीच्या एका खटल्यात पोलिसांपुढच्या जबान्यांपैकी कंदिलाचा उल्लेख एकाच जबानीत होता. कोर्टात पहिल्याने कंदील सांगितला, दुसऱ्याने कंदिलाची काच तडकलेली होती असे सांगितले, आणि चौथ्यापर्यंत येईतो त्या तडकलेल्या काचेचा कंदील सर्वांनीच पाहिला होता. त्यांतला एकही लबाड नव्हता. विचारले असते तर प्रत्येकाने देवाची शपथ घेतली असती, आणि ती मनापासून घेतली असती.

आधारगट हा असा व्हरांडा आहे, मृणालिनी, की ज्याला आतली कचेरीच नाही. तेथे ज्या बाईजवळ दुःख आहे पण हकीकत नाही, ती दर आठवड्यास इतरांच्या हकीकती ऐकते. जिने सांगितले तिला मिठी मिळते, जिने सांगितले नाही तिला 'घाई नको, येईल' असे आश्वासन मिळते. आमच्या साक्षीच्या कायद्यात सरतपासणीत सूचक प्रश्नास, म्हणजे ज्याचे उत्तर प्रश्नातच दडलेले आहे अशा प्रश्नास, मनाई आहे, आणि ती १८७२ पासून आहे. 'येईल' या एका शब्दात, काहीतरी आहे आणि ते यायचे आहे, हे दोन्ही आधीच सांगून झालेले असते.

एलिझाबेथ लॉफ्टस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९५ साली चोवीस लोकांना, तुम्ही लहानपणी बाजारात हरवला होतात, अशी साफ बनावट गोष्ट घरच्यांच्या नावाने सांगितली, तर सुमारे चौथाई लोकांनी ती कमीअधिक प्रमाणात आपली म्हणून कबूल केली. प्रयोग लहान आहे, आणि बाजारात हरवणे कोठे व हे कोठे, असा आक्षेप घेणारे चुकीचे म्हणत नाहीत. म्हणूनच मला वॉशिंग्टन राज्यातील ऑलिंपिया येथील पॉल इन्ग्रम याचे प्रकरण अधिक विचार करावयास लावते. हा स्वतः पोलीस खात्यातला माणूस. १९८८ साली त्याच्या मुलींनी त्याच्यावर आरोप केले, तेही चर्चच्या एका शिबिरानंतर. तो प्रथम म्हणाला, मला काही आठवत नाही, पण माझ्या मुली खोटे बोलणार नाहीत. मग प्रार्थना आणि एकान्तातील चिंतन करकरून त्याला एकेक गोष्ट 'दिसू' लागली आणि त्याने कबुलीजबाब दिले. रिचर्ड ऑफ्शे नावाचे समाजशास्त्रज्ञ चौकशीस आले होते, त्यांनी कोणीही कधी न केलेला एक आरोप स्वतः रचून त्याच्यापुढे ठेवला. थोड्याच अवधीत त्याने त्याचाही तपशीलवार लेखी कबुलीजबाब, संवादांसकट, आणून दिला. मुलींचे मूळ म्हणणे खरे की खोटे याचा निर्णय या प्रयोगाने होत नाही. पण ज्या रीतीने ती कबुली निपजली, त्या रीतीने काहीही निपजू शकते एवढे शाबीत होते.

एवढे वाचून, सगळेच बनावट असते असा हुकूमनामा मी काढते आहे, असे समजू नकोस. ब्राउन विद्यापीठातील प्राध्यापक रॉस चाइट यांना १९९२ साली, मध्यमवयात, आपल्या लहानपणच्या गायकवृंदाच्या शिबिरातील व्यवस्थापकाने केलेला अत्याचार आठवला. त्यांनी त्या वेळची इतर मुले शोधून काढली आणि त्या इसमाकडून फोनवर कबुलीही मिळवली. लिंडा विल्यम्स यांनी १९९४ साली, ज्यांच्यावरील अत्याचाराची नोंद बालपणीच रुग्णालयाच्या दप्तरी झाली होती अशा १२९ स्त्रियांना गाठले, तेव्हा अडतीस टक्के स्त्रियांनी त्या प्रसंगाचा उल्लेख केला नाही. (उल्लेख न करणे म्हणजे विसरणेच का, हा प्रश्न येथेही उरतोच, आणि काहीजणी त्या वेळी फार लहान होत्या.) या सगळ्या वादात मला सर्वांत उपयोगी वाटला तो एल्के गेरार्ट्स आणि सहकाऱ्यांचा २००७ चा निबंध, कारण हर्मनबाईंनी एकत्र मोजलेले त्यांनी निरनिराळे मोजले. ज्यांना सतत आठवत होते त्यांच्यापैकी पंचेचाळीस टक्क्यांच्या हकीकतीस स्वतंत्र दुजोरा मिळाला. ज्यांना उपचारांबाहेर, एखादी जागा किंवा माणूस दिसून अवचित आठवले त्यांच्यापैकी सदतीस टक्क्यांच्या. आणि ज्यांना उपचार चालू असताना आठवले अशा सोळाजणांपैकी एकाच्याही नाही. सोळा ही संख्या थोडी आहे, आणि दुजोरा नाही म्हणजे प्रसंग घडलाच नाही असेही नव्हे. पण आठवले काय यापेक्षा आठवले कसे व कोठे, हा मुद्दा किती वजनाचा आहे ते यावरून दिसते.

कायद्याने येथे एक विपरीत गोष्ट केली, ती मला फार डाचते. तुमच्याकडील काही राज्यांत दाव्याची मुदत वाढवताना असा नियम झाला, की ज्या बाईला अत्याचाराचा शोध उशिरा लागला तिची मुदत शोधापासून मोजावी. हेतू चांगलाच होता. पण जी कधीच विसरली नाही, जी भीतीने आणि लाजेने गप्प राहिली, तिची मुदत टळून गेलेली. आणि जिला नव्याने आठवले तिला दरवाजा उघडा. विस्मृतीला असा भाव आल्यावर विस्मृतीचे पीक वाढले, तर नवल कसले? उलट बाजूस, आरोप झालेल्या आईबापांनी १९९२ साली फिलाडेल्फियात जी संस्था काढली, तिने 'खोट्या स्मृतीचे' दुखणे म्हणून एक नाव प्रचारात आणले. कोणत्याही मान्य रोगसूचीत ते नाही, पण खऱ्या गुन्हेगारांच्या वकिलांना ते आयतेच सापडले. ती संस्था २०१९ अखेर बंद झाली, पण नाव राहिले आहे. तुमच्या गटातील ज्या बाया काहीच विसरलेल्या नाहीत, त्यांच्या साक्षीवर आता याच नावाचा शिक्का मारला जातो; आणि प्रत्येक नवी, खणून काढलेली, न टिकणारी हकीकत त्या शिक्क्याची शाई ताजी करते. तुझ्या सहकारिणींना हे पटवून दे, की तुझी शंका त्यांच्याविरुद्ध नाही, त्यांच्याच बाजूची आहे.

आता त्या बाईविषयी. 'तुमचा माझ्यावर विश्वास आहे ना?' असे तिने विचारले, तर तू तिला खरेच सांग: तुला यातना होत आहेत यावर माझा पूर्ण विश्वास आहे, तुझ्या घरी काय घडले ते मला ठाऊक नाही, आणि ते ठाऊक असल्याचा आव मी आणणार नाही. हे ऐकून ती दुखावेल, कदाचित काही दिवस येणारही नाही. तरीही हेच उत्तर दे. तिची झोप, तिचा संसार यांवर उपचार व्हावेत यासाठी आजोबांचा निकाल लागण्याची काही गरज नाही. तिला चांगल्या डॉक्टरांकडे ने, आणि संमोहन किंवा औषध देऊन आठवणी काढणारा कोणी असेल तर त्याच्यापासून दूर ठेव. कॅलिफोर्नियात नापा येथे १९९४ साली अशाच रीतीने निघालेल्या आठवणींवरून ज्याच्यावर आरोप आला होता अशा एका बापाला ज्यूरीने उपचार करणाऱ्यांकडून पाच लक्ष डॉलरांची नुकसानभरपाई देवविली, पण त्याचे घर आधीच मोडले होते आणि ते कोणत्याही हुकमाने परत उभे राहिले नाही.

ती घरच्यांना आरोपाचे पत्र पाठवणार आहे आणि वकिलाकडेही जाणार आहे, असे तू लिहितेस. जाऊ दे, तो तिचा हक्क आहे. पण त्याआधी तिला एक वही दे, आणि एकटीने बसून तीत तारीखवार लिहू दे: गटात येण्यापूर्वी आजोबांविषयी तिला काय आठवत होते, मग ते चांगले असो वा वाईट; नंतर काय आठवले; आणि त्या दिवशी बैठकीत तिच्या आधी कोण काय बोलली होती. पाने दोन उभ्या रकान्यांत वाटली तर बरे. ती वही तू वाचू नकोस, गटातही वाचू देऊ नकोस. वकील शहाणा असेल तर तो पहिल्यांदा तीच मागेल. आजोबा हयात आहेत की नाहीत, हे तू कळवलेले नाहीस. हयात असतील तर पत्र धाडण्याची तिने घाई करू नये, आणि घरात आज लहान मुले असतील तर मात्र विलंब न करता बालसंरक्षणाच्या अधिकाऱ्यांना कळवावे, कारण तेथे प्रश्न तिच्या आठवणीचा नसून त्या मुलांच्या सुरक्षिततेचा आहे.

हे पत्र गटाच्या प्रमुख बाईंना समजावून सांगण्यास माझी हरकत नाही. फ्रॉइडवरचा मजकूर मात्र गाळलास तरी चालेल. त्यावरून तास जाईल आणि मुद्दा तसाच राहील.

तुझी,
आत्या