बिऱ्हाड हलले

मार्गशीर्ष सरत आला होता. जुन्नरकडची ती थंडी! पहाटे अंगणातील हंड्याच्या पाण्यात हात घालण्याचे धैर्य होऊ नये, अशी. त्या दिवसांत एका शेतकऱ्याच्या घरी एक दिवसाची बारा पिल्ले आली. त्यांना पंखांखाली घेणारी कोंबडी नव्हती. म्हणून घरातील नातीने माजघरात लाकडी खोके ठेवले, तळाशी भाताचे तूस पसरले आणि वर विजेचा दिवा टांगला. तो दिवाच पिल्लांची आई झाला.

पिल्लांची मऊ लव डोळ्यांना सुखावते. परंतु तिने थंडीचे निवारण होत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला ती तीनेक अंशांनी कमी करावयाची असते. घरात उष्णतामापक नव्हता. पण आजीने नातीला पिल्लांकडे पाहावयास शिकविले. "ती दिव्याखाली दाटीवाटीने ओरडू लागली, की गारठली आहेत असे समज. दूर जाऊन चोच वासू लागली, की उकडते आहे. आणि खोकेभर विखरून निजली, की सारे ठीक." त्याप्रमाणे नात दिवा हळूहळू वर घेई.

सहावा आठवडा उजाडला. लव जाऊन पंख, पाठ आणि छाती पिसांनी भरली. खोके अपुरे पडू लागले. तुसाला उग्र दर्प येऊ लागला. पिल्ले एकमेकांना टोचू लागली. आजी म्हणाली, "आता यांना खुराड्यात हलविले पाहिजे."

"आजी, बाहेर मरतील ती थंडीने!" नातीचे डोळे पाणावले.

"पोरी, पिसे आली आहेत त्यांना. फक्त थंडीची ओळख एकदम नको, बेताबेताने करून देऊ."

दोन दिवस भर दुपारी पिल्ले अंगणात डालग्याखाली राहिली. दिवा आधी दिवसा आणि मग रात्रीही मालवला. आबांनी खुराड्याला मुंगूस शिरणार नाही अशी बारीक जाळी ठोकली व दाराला पक्की कडी बसविली. माघातील एका सकाळी बिऱ्हाड हलले. नवी जागा उजेडात ओळखीची व्हावी, म्हणून सकाळची वेळ निवडली होती.

दिवस आनंदात गेला. सांज होताच मात्र पिल्ले खुराडे सोडून माजघराच्या उंबऱ्याशी जमली आणि केविलवाणी ओरडू लागली. नात त्यांना आत घेणार, तोच आजी कंदील घेऊन आली. तिने एकेक पिल्लू उचलून खुराड्यात ठेवले. ती सारी एका कोपऱ्यात एकावर एक चढली. "थंडीपेक्षा हे वाईट. तळचे पिल्लू गुदमरते," असे म्हणत आजीने कोपऱ्यांत पेंढ्याच्या जुड्या दाबून बसविल्या. कोपराच उरला नाही, तेव्हा पिल्लांची रास मोडली.

मध्यरात्री नात हळूच बाहेर आली. खुराड्याजवळ अंधारात कुणी तरी बसले होते. ती घोंगडी पांघरलेली आजी होती! "तुला झोप नाही आली?" नातीने विचारले. आजी हसली. "यांना बाहेर ठेवावे लागते, म्हणून काळजीही बाहेर ठेवता येते का?"

सकाळी कडी काढली. नातीने मोजली: बारा! आठवडाभरात दिवेलागणीला ती आपणहून आत जाऊ लागली.

जूनमध्ये नात शिक्षणासाठी तालुक्याच्या वसतिगृहात निघाली. ट्रंकेत सर्वांत वर आजीची घोंगडी होती. उंबऱ्याशी नातीचे पाऊल अडखळले. मग तिला माघातील ती रात्र आठवली. तिने आजीला नमस्कार केला आणि ती अंगणात उतरली.