ताटाचं बूड बघावं

आम्हा चांद्याकडच्या मंडळींना सागवानाचं कौतुक जरा जास्तच! आलापल्लीचं जंगल, बल्लारशाचा डेपो ही नावं निघाली की छाती फुगते. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी इथून सागवान मिरवणुकीने निघालं, तेव्हा तर विचारूच नका. आणि त्याच सागवानाचं जेवणाचं टेबल घरात मात्र प्लास्टिकखाली झाकलेलं. का, तर ओरखडे पडतील!

आमच्याकडे सध्या हाच वाद आहे. आई म्हणते, प्लास्टिक काढायचं नाही. बाबांनी करून घेतलेली ती शेवटची वस्तू. मी म्हणते, म्हणूनच काढायचं. बाबांनी ते झाकायला थोडंच केलं होतं?

तेव्हा मी ताटांच्या मागे लागले. सागवानाला वाळवी सहसा लागत नाही, पण टिकाऊ म्हणजे ओरखडे न पडणारं नव्हे. दुकानात आपण ताटलीची नक्षी बघतो; बघायला हवं ते बूड. चिनी मातीच्या ताटलीखालची कडा बहुधा खरखरीत असते. तिथे ग्लेझ लावत नाहीत, कारण भट्टीत ते वितळून ताटली फळीला चिकटेल. भद्रावतीच्या मातीकामाची मला हौस, पण तिथलं भांडंही मी उलटं करून, कडेवरून बोट फिरवूनच घेते. खरखर लागली तर बारीक वॉटर पेपर ओला करून कडा घासायची आणि भांडं धुवायचं. स्टीलच्या ताटाचंही बूड चाचपावं. ठोकलेलं नाव किंवा दुमडलेली कडा टोचते.

आणि खरा शत्रू म्हणजे धूळ! वाळूचा एक कण ताटाखाली सापडला की गुळगुळीत बूडसुद्धा ओरखडा काढतं. म्हणून आधी टेबल पुसायचं, ताट सरकवायचं नाही, उचलायचं. बांबूची चटई घ्यावी, पण कामट्यांची टोकं तासलेली हवीत, आणि चटईखालीही पुसायला हवं. पळसाच्या पत्रावळीने तर ओरखडा पडत नाहीच, फक्त वरण झिरपतं!

एवढं सगळं ऐकून आई म्हणाली, "बरं बाप्पा, रविवारपुरतं काढ." गेल्या रविवारी काढलं. प्लास्टिकखाली एका कोपऱ्यात जुना ओरखडा निघाला. "हा त्यांच्या अडकित्त्याचा," आई म्हणाली, आणि बराच वेळ त्यावर बोट फिरवत बसली.