वाळलेली शाई

तुमच्या घरी किंवा शाळेत प्रिंटर असेल, तर त्याचा एक स्वभाव तुमच्या ध्यानात आला असेल. काम नसते तेव्हा तो शहाण्या मुलासारखा गप्प बसून असतो. घाईचे काम निघाले, की नेमके तेव्हाच त्याला काहीतरी होते. कधी कागद अडकतो, कधी शाई संपते. कधी तर काहीच झालेले नसते, तरी तो हलत नाही.

आमच्या घरी प्रिंटर आला तो २००३ साली. मालेगावात तेव्हा घरी संगणक असलेली माणसे मोजकीच होती. मी शिक्षक होतो. प्रश्नपत्रिका घरीच छापता येतील म्हणून मी हप्त्याने संगणक घेतला आणि त्याच्यासोबत शाईचे थेंब उडवून छापणारा एक लहानसा इंकजेट प्रिंटर घेतला. अम्मीने त्याच्यासाठी वेलबुट्टीचे आच्छादन शिवले.

तक्रारी पहिल्याच आठवड्यात सुरू झाल्या. प्रिंटरची वायर संगणकाला जोडायची, तर तिचे टोक पहिल्यांदा कधीच बसत नसे. उलटे करावे, तरी बसत नसे. पुन्हा सुलटे करावे, तेव्हा कुठे बसे. या जोडणीला यूएसबी म्हणतात. ती १९९६ साली आली. ती घडवण्यात पुढाकार घेणारे अजय भट्ट हे बडोद्याला शिकलेले. दोन्ही बाजूंनी बसणारे टोक केले असते तर तारा वाढल्या असत्या आणि खर्च दुप्पट झाला असता, असे त्यांनीच पुढे सांगितले. हे मला तेव्हा ठाऊक असते, तर टेबलाखाली वाकून मी जे पुटपुटलो, ते कदाचित पुटपुटलो नसतो!

पावसाळ्यात कागद दमट होत आणि एकाऐवजी तीन-तीन आत ओढले जात. मित्राकडून फ्लॉपीवर आणलेला मराठी मजकूर उघडला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसे. मराठीचे फाँट तेव्हा प्रत्येक कंपनीचे निराळे होते. ज्या फाँटमध्ये मजकूर लिहिला, तो आपल्या संगणकात नसला, की सगळे वाया. पण सर्वांत जास्त धास्ती होती ती शाईची. शाईच्या दोन डब्यांना, म्हणजे कार्ट्रिजना, जवळजवळ निम्म्या प्रिंटरइतके पैसे पडत. म्हणून मी प्रिंटर फार जपून वापरत असे. अगदी गरज असेल तरच एखादे पान छापायचे, नाहीतर आच्छादन टाकून ठेवायचे.

अब्बा या यंत्रापासून दूरच राहत. ते कातिब होते. कातिब म्हणजे कोण, हे तुम्हाला सांगायला नको. गावातल्या उर्दू साप्ताहिकांची पाने त्यांनी वर्षानुवर्षे बटर पेपरवर हाताने लिहिली. १९८१ साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांचे नूरी नस्तालिक छपाईत आले. १९९४ साली दिल्लीत तयार झालेले इनपेज आले. मग एकेक साप्ताहिक संगणकावर गेले आणि अब्बांचे काम थांबले. ते कुणाला काही बोलले नाहीत. मात्र रोज संध्याकाळी दौत उघडून तासभर लिहीत बसत. लिहून झाले, की बोरूची कलम धुऊन, पुसून ठेवत. (दौत, कलम, शाई, कागद हे शब्द मराठीत फारसी-अरबीतून आले आहेत. म्हणून धडा वाचताना ते तुम्हाला ओळखीचे वाटतात.)

२००४ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. माझी धाकटी बहीण डी.एड. होऊन दोन वर्षे घरी बसली होती. धुळ्याच्या एका शाळेकडून मुलाखतीचे बोलावणे आले. सोबत टंकलिखित अर्ज आणायचा होता. मी म्हणालो, "काळजी करू नकोस, घरचा प्रिंटर आहे." आदल्या दिवशी संध्याकाळी वीज गेली, ती रात्री नऊ वाजता आली. अर्ज टाइप केला, छापण्याची आज्ञा दिली. प्रिंटर घरघरला, कागद आत गेला आणि जसा गेला तसा कोराच बाहेर आला. दुसरा कागद, तिसरा कागद, सगळे कोरे. शाई तर डब्यात होती, हलवली की जाणवत होती. गावातली टायपिंगची दुकाने केव्हाच बंद झाली होती. सकाळी सातची एस.टी. होती. बहीण काही बोलली नाही. कोरे कागद उचलून तिने नीट एकावर एक ठेवले. ते पाहून मला रागावली असती तर बरे, असे वाटले.

अब्बा दारात उभे होते. त्यांनी विचारले, "हे यंत्र शाई कागदावर टाकते तरी कसे?"

मी सांगितले. डब्याच्या तळाशी केसाहूनही बारीक छिद्रे असतात. आत शाई क्षणभर तापते, तिचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. १९७७ साली जपानमध्ये कॅनन कंपनीच्या एका संशोधकाकडून झाळकामाची तापलेली सळई चुकून शाई भरलेल्या सुईला लागली आणि शाई उडाली. त्यातूनच ही युक्ती सुचली.

"शाई पाण्याचीच ना?"

"हो, अब्बा."

"शेवटचे कधी छापले होतेस?"

एप्रिलच्या परीक्षेनंतर मी प्रिंटरला हातच लावला नव्हता. तसे सांगितल्यावर अब्बा म्हणाले, "अरे, मग कलम न धुता ठेवली तू! दोन महिने!"

त्यांनी कोमट पाणी आणि मऊ सुती कापड मागवले. मी कार्ट्रिज काढून दिली. तांब्याच्या रंगाच्या पट्टीला बोट लागू नये, एवढे मी सांगितले. ओल्या कापडावर त्यांनी ती अलगद टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. बराच वेळ ते तसेच करत राहिले. शेवटी कापडावर एक काळा डाग उमटला, मग तो पसरू लागला.

चौथ्या कागदावर अक्षरे आली. पण काही छिद्रे बंदच राहिली होती. त्यामुळे ठराविक अंतरावर पांढरी रेघ पडली होती. बहिणीच्या नावावर ती रेघ नेमकी शिरोरेखेवर आली, आणि नावाची सगळी अक्षरे सुटी सुटी झाली. पुन्हा छापावे, तर आहे तेही बिघडेल अशी भीती. अब्बांनी कागद दिव्याखाली नेला. सर्वांत बारीक कलम काढली, पट्टी न लावता एका दमात ती शिरोरेखा ओढली आणि कागद वाळायला ठेवला.

बहिणीला ती नोकरी मिळाली. आता ती तिथे पाचवीला शिकवते.

शुक्रवार हा आमच्या गावचा सुट्टीचा दिवस. तेव्हापासून दर शुक्रवारी अब्बा स्वतः आच्छादन काढत आणि मला हाक मारत, "चल, एक पान छाप." काय छापू, असे विचारले तर म्हणत, "काहीही छाप. शाई चालली पाहिजे." मग छापलेले पान उलटून ते कोऱ्या बाजूवर लिहायला बसत.