जमेची बाजू

गाडी सुरू झाली नाही, की पहिला संशय बॅटरीवर. लग्नघरात चमचा हरवला की सगळे आचाऱ्याच्या पोराकडे बघतात, त्यातलाच हा प्रकार.

आमचे मामा विंझरला असतात. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागणारं हे गाव भाताचं, म्हणजे अर्थातच पावसाचं. तिथला पाऊस वरून कमी आणि बाजूनं जास्त येतो. छत्री केवळ हातात धरायची वस्तू! मामा पहाटे मोटरसायकलला किटल्या अडकवून डेअरीला दूध घालतात. गाडी बटणाची, किक नाहीच. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या झाल्या होत्या आणि मेस्त्री आता तिसरी सुचवत होता.

"बॅटरी डेड हाय, मामा."

"आरं, दिवाळीत तर घातली!"

"मंग मालच बाद निघाला आसंल."

तिसरी घ्यायची तर म्हशींची पेंड उधारीवर आणावी लागणार. मामी काहीच बोलत नव्हती, आणि मामी बोलत नाही तेव्हा मामांना जेवण जात नाही.

मी बँकेतला कारकून. वाणिज्य शाखेचा, त्यामुळे विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. पण शिल्लक का राहत नाही, हे शोधणं आमच्या धंद्यातलं. खर्च जास्त असतो, नाहीतर जमा होत नसतं. तिसरं कारण मी तरी पाहिलेलं नाही. शिल्लक संपली म्हणून दरवेळी नवं खातं उघडणारं गिऱ्हाईकही पाहिलेलं नाही. मामा दोन वर्षं नेमकं तेच करत होते.

खर्च पूर्वीपेक्षा वाढलाय, हे खरं. जुन्या स्कूटरचा दिवा इंजिनाच्या विजेवर जळायचा. इंजिन मंद तर दिवाही मंद. स्कूटर बाजूला कलती करायची, किक मारायची, बॅटरी कोण विचारतो! आता एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकीचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही. २०२० नंतरच्या बहुतेक मोटरसायकलींत पेट्रोलसुद्धा विजेच्या पंपानं चढतं. बॅटरी पार बसली तर ढकलूनही उपयोग होईलच असं नाही.

मी माझा मल्टिमीटर काढला. मेस्त्री त्याच्याकडे, वैद्यबुवा इंजेक्शनकडे बघतात तसा बघू लागला. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, काढून दोन-तीन तास विसावू दिली आणि मोजली. १२.६ व्होल्ट. शिशाच्या बॅटरीत सहा घरं, प्रत्येकात साधारण २.१, म्हणजे खातं भरलेलं. बटण दाबलं तेव्हा आकडा साडेदहापर्यंत उतरला आणि सावरला. नऊच्या खाली कोसळला असता तर मेस्त्रीचं म्हणणं मी मान्य केलं असतं. 'डेड' बॅटरी ठणठणीत होती.

आता जमा. इंजिन चालू, थोडी रेस दिलेली. आकडा साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान चढायला हवा. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटरनं हात सैल सोडलेत असं समजावं. मग बॅटरी उकळून मरते. इथे तो १२.४ वर बसला आणि हळूहळू खालीच यायला लागला. पगार जमाच होत नव्हता!

पगार निघतो मॅग्नेटोतून, तीन पिवळ्या वायरींवरून. जोडणी सोडवून दोन-दोन वायरींमध्ये मीटर धरला. तिन्ही वेळा आकडा सारखा, आणि रेस वाढवली की वाढणारा. म्हणजे कारखाना पगार देत होता, खात्यापर्यंत पोचत नव्हता. ही उलटसुलट धावणारी वीज रेग्युलेटर एका दिशेला लावून बॅटरीकडे धाडतो. त्याच्यापासून निघालेली वायर चाचपत गेलो, तर सीटखालच्या जोडणीत दोन विंझरी पावसाळे साठलेले. पिना हिरव्यागार! एक तर जळून काळी. ती बदलली, बाकीच्या घासल्या. रेस दिली. १४.१.

"मंग बॅटरी घ्यायची न्हाई?" मेस्त्रीनं विचारलं. आवाजात दुःख होतं.

मामी आत जाऊन चहाचं आधण ठेवती झाली. मामांनी मीटर हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला, आणि खासगी आवाजात म्हणाले,

"भाच्या, ह्यो डेअरीवर न्हेला तर दुधाची फॅट सांगंल का रं?"