रविवारची चाकूवाली मंडळी

‘‘काय हो, तुमच्या मुलाला चाकूचा नाद आहे म्हणे?’’

इंदूरला दक्षिण तुकोगंजमधल्या आमच्या इमारतीच्या जिन्यात शेजारच्या वहिनींनी हा प्रश्न विचारला, तेव्हा माझ्या हातातली भाजीची पिशवी खाली पडायचीच बाकी होती. मुलाला चित्रकलेचा नाद आहे, क्रिकेटचा आहे, असं सांगताना आईची मान ताठ होते. चाकूचा नाद आहे, हे कसं सांगायचं?

गोष्ट २०१४ सालची. यजमानांची बदली झाली आणि आम्ही बेळगाव सोडून इंदूरला गेलो. मी खानापूर तालुक्यातली, सासूबाई धारवाडच्या. त्यामुळे आमच्या घरात मी ज्याला विळी म्हणते त्याला त्या ‘ईळिगे मणे’ म्हणतात, माझा विळा त्यांचा ‘कुडुगोलु’ असतो, आणि भाजी मात्र दोघींची एकच असते. आपल्या भागातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको!

होळकरांच्या तुकोजीरावांच्या नावावरून वसलेलं हे तुकोगंज मला पहिल्या दिवसापासून आवडलं. जुने बंगले, मोठाली झाडं, त्यांच्यामधूनच उठलेल्या नव्या इमारती. जवळच रवींद्र नाट्यगृह. शेजारीपाजारी चार मराठी घरं. त्यांचं मराठी आपल्यापेक्षा निराळं, बोलता बोलता मध्येच हिंदीत शिरणारं, पण मायेचं. तरी चौदा वर्षांच्या आमच्या चिरंजीवांचं तिथे मन लागेना. जुने मित्र सुटले, नवे मिळेनात. त्याच्याजवळ सोबतीला होता तो अज्जांचा चाकू.

माझे सासरे २०१३ साली गेले. त्यांचा एक घडीचा चाकू होता. पितळी मूठ, बोटभर लांबीचं पातं. सुपारी कातरायला अडकित्ता असूनही ते चाकूच काढायचे. आंबा चिरायचा, पार्सलची सुतळी तोडायची, नातवाच्या पेन्सिलीला टोक काढायचं, सगळं त्याच चाकूनं. अज्जा गेल्यावर सासूबाईंनी तो नातवाच्या हातात ठेवला आणि एवढंच म्हणाल्या, ‘‘चाकू आटद सामान अल्लप्पा.’’ म्हणजे, चाकू ही खेळायची वस्तू नव्हे रे बाबा.

एका संध्याकाळी हा गच्चीवर बसून काठी तासत होता. वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त ओव्हरसियर, ज्यांना सगळी इमारत ‘मोठे काका’ म्हणायची, ते कपडे काढायला आले होते. ‘‘अरे भिया, मांडी कापून घेशील! धार नेहमी अंगापासून लांब चालवायची,’’ म्हणत ते त्याच्याशेजारी बसले. अर्ध्या तासाने दोघे खाली आले ते रविवारचा बेत ठरवूनच. काका रविवारी पहाटे आठ-दहा जणांबरोबर महूच्या बाजूला डोंगरात फिरायला जात. ‘‘वहिनी, तुम्हीही चला. मुलगा कोणाबरोबर फिरतो ते डोळ्यांनी बघा,’’ म्हणाले. मी गेले, आणि पुढची चार वर्षं जातच राहिले.

काय मंडळी होती ती! सियागंजात लोखंडी सामानाचं दुकान असलेले बोहरी शेठ. कृपाण धारण करणारे एक सरदारजी, ट्रकच्या धंद्यातले. सरकारी दवाखान्यातली एक परिचारिका. आणि महूला स्थायिक झालेले कोडगूचे निवृत्त सुभेदार. त्यांनी पहिल्याच भेटीत सासूबाईंना ‘‘अम्मा, चेन्नागिद्दीरा?’’ असं विचारलं. आमची अज्जी ‘‘आराम अदीरेनु?’’ म्हणणारी. तिला त्यांचं दक्षिणेकडचं कन्नड ऐकून हसू आलं, पण पदराने डोळेही पुसले. इंदुरात येऊन तीन महिने झाले होते, आणि घराबाहेरच्या माणसाच्या तोंडून कन्नड ती पहिल्यांदाच ऐकत होती.

यातल्या प्रत्येकाच्या खिशात नाहीतर कमरेला एक तरी चाकू असायचा. मी आधी बिचकले. मग लक्षात आलं, की या लोकांइतकी सावध माणसं मी स्वयंपाकघरातही पाहिली नव्हती. चाकू दुसऱ्याला द्यायचा तो मिटून, नाहीतर मूठ पुढे करून. घेणाऱ्याने ‘घेतला’ म्हटल्याशिवाय देणाऱ्याने सोडायचा नाही. उघडा चाकू हातात असेल तर हात लांब करून गोल फिरवायचा आणि त्या गोलात कोणी नाही ना, ते आधी बघायचं. उघडं पातं घेऊन एक पाऊलही चालायचं नाही. जिवंत झाडाच्या फांदीला हात लावायचा नाही, काम असेल तर खाली पडलेलं लाकूड घ्यायचं. दुसऱ्याचा चाकू वापरला तर पुसून, सुकवून परत द्यायचा. आणि पेरू-काकडी चिरणाऱ्याने स्वतःची फोड सगळ्यात शेवटी घ्यायची. हा शेवटचा नियम मला फार आवडला. आपल्या घराघरांतल्या बायका तो न शिकवताच पाळतात!

कोणाचा चाकू कितीचा, हे तिथे कोणी विचारत नसे. शेठजींकडे लाल मुठीचा स्विस चाकू होता. कार्ल एल्सनर नावाच्या कारागिराने १८९१ साली स्विस सैन्याला घडीचे चाकू पुरवले आणि १८९७ साली अनेक पात्यांच्या चाकूची नोंदणी केली, ही हकीकत ते रंगवून सांगत. सरदारजींचा चाकू मात्र रस्त्याकडेच्या गाडोलिया लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पट्ट्यापासून ठोकून दिलेला. दोन्ही चाकू एकाच फडक्यावर, शेजारी शेजारी पडलेले असत.

कायद्याची माहितीही तिथेच मिळाली. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे जे चाकू घरकामासाठी वा शेतीसाठी बनवलेले नसतात, ते शस्त्रांच्या नियमांत येतात. त्याशिवाय गावोगावी पोलिसांचे वेगळे आदेश निघतात. ‘‘म्हणून आपला चाकू लहान ठेवायचा आणि बाजारात, शाळेत, जत्रेत न्यायचा नाही,’’ असं काका प्रत्येक नव्या माणसाला बजावत. पाण्याच्या बाबतीतही तीच शिस्त. जुलै २०११ मध्ये पाताळपाणीच्या धबधब्याला अचानक लोंढा आला आणि माणसं डोळ्यांदेखत वाहून गेली. तेव्हापासून पावसाळ्यात ही मंडळी प्रवाहात उतरत नसत. काठावरूनच नमस्कार करत.

एकदा पोलादाच्या गोष्टी निघाल्या आणि सुभेदारांनी माझ्या मुलाला विचारलं, ‘‘पोलादाला कन्नडमध्ये काय म्हणतात?’’ त्याला येईना. अज्जीने घरी सांगितलं, ‘‘उक्कु.’’ जुन्या काळी दक्षिण भारतातल्या पोलादाची जगभर ख्याती होती. इंग्रज त्याला ‘वूट्झ’ म्हणत, आणि हा शब्द आपल्या ‘उक्कु’वरूनच आला असावा असं अनेक अभ्यासक मानतात. मुंबईहून गेलेल्या या पोलादाची तपासणी करून जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला होता. अज्जीच्या तोंडचा एक शब्द इतक्या लांब जाऊन आला, याचं मुलाला फार अप्रूप वाटलं. त्या दिवसापासून तो तिच्याशी कन्नड बोलायला लागला. मोडकंतोडकं, पण बोलायला लागला.

सगळं असं छान चाललं असताना श्रावणात तो प्रसंग घडला. मुलाच्या शिकवणीच्या वर्गातून फोन आला. चिरंजीव अज्जांचा चाकू दप्तरातून घेऊन गेले होते. कुणीतरी त्याच्या बोलण्याची नक्कल केली, शब्दाला शब्द वाढला, आणि याने चाकू काढून उघडला. ‘‘नुसता दाखवला,’’ तो रडत म्हणत होता. कोणाला लागलं नव्हतं. पण समोरचा मुलगा कोपऱ्यात पांढराफटक पडून उभा होता. त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही. मी त्याच्या आईची हात जोडून माफी मागितली. वर्गाने आठ दिवस येऊ नको म्हणून सांगितलं, ते योग्यच होतं.

घरी आल्यावर यजमान चाकू नाल्यात फेकायला निघाले. अज्जीने काही म्हटलं नाही. ती देवघरासमोर जाऊन बसली आणि त्या रात्री जेवली नाही. मुलाला खरी शिक्षा तीच झाली.

त्या रविवारी मी जाणार नव्हते. कोणत्या तोंडाने जायचं? काका खाली येऊन उभे राहिले. डोंगरावर पोचल्यावर सगळ्यांनी आपापले चाकू मिटून फडक्यावर ठेवले. कोणीही मुलाला रागावलं नाही. एकेकाने स्वतःची चूक सांगितली. काकांनी तरुणपणी भावाशी भांडताना सुरी उगारली होती, आणि तो भाऊ त्यानंतर सहा वर्षं त्यांच्याशी बोलला नव्हता. परिचारिका ताईंनी रात्रपाळीला पाहिलेल्या जखमांबद्दल सांगितलं. ‘‘बहुतेक सगळे हेच म्हणतात, नुसता दाखवायला काढला होता,’’ त्या म्हणाल्या. माझा मुलगा मान खाली घालून ऐकत होता.

मग सुभेदार बोलले. त्यांच्या कोडगूत भातलावणीच्या दिवसांत शस्त्रं बाजूला ठेवतात. लावणी संपली की ‘कैलपोळ्द’ या सणाला त्यांची पूजा करून ती पुन्हा हातात घेतात. ‘‘तुझा चाकूही आता खाली ठेवायचा. खंडेनवमीपर्यंत तो माझ्याकडे राहील. तोवर तू लावणी कर.’’

लावणी म्हणजे काय, तर तुकोगंजातल्या आमच्या इमारतीतल्या अठरा घरांच्या सुऱ्या आणि विळ्या यांना धार लावून द्यायची. फुकट! शेठजींनी साण दिली. सासूबाई तिला ‘साणे’ म्हणाल्या, शब्दही सख्खे भाऊ निघाले. काकांनी शिकवलं : दगड ओला ठेवायचा, पातं साधारण पंधरा ते वीस अंशांत धरायचं, एका बाजूने घासत जायचं ते दुसऱ्या कडेला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत, मग बाजू बदलायची. शेवटी पिकला टोमॅटो दाब न देता चिरला गेला पाहिजे. बोथट सुरी जास्त धोक्याची, कारण तिला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते, हे मला तेव्हा कळलं. वीस वर्षं मी उलटंच समजत होते!

पहिल्या आठवड्यात दारं जपूनच उघडत होती. बातमी सगळ्यांना लागली होतीच. जिन्यात मला तो प्रश्न विचारणाऱ्या वहिनीही त्यांतल्याच. मुलगा प्रत्येक दारात उभा राहून ‘‘काकू, सुरी देता का?’’ म्हणायचा आणि धार लावून मूठ पुढे करून परत द्यायचा. महिन्याभरात त्याच वहिनी मला म्हणाल्या, ‘‘आमच्या माहेरची विळी पाठवू का हो?’’ शिकवणीतल्या त्या मुलाच्या घरीही तो गेला. त्यांनी सुरी दिली नाही. चहा दिला. तेवढंही पुष्कळ होतं.

भाद्रपदात आम्ही जानापावला गेलो. चंबळ नदी याच डोंगरातून निघते. इथे जमदग्नींचा आश्रम होता आणि परशुराम इथे जन्मला, अशी तिकडची श्रद्धा. काका कथा सांगत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे सौंदत्ती आली. आपली यल्लम्मा म्हणजे तीच रेणुका. भारत हुण्णिमेच्या जत्रेला सासूबाईंबरोबर किती वेळा गेले असेन! बापाच्या शब्दावर मुलाने आईवर परशू चालवला, आणि वर मागायची वेळ आली तेव्हा आईचेच प्राण परत मागितले. लहानपणापासून ऐकलेली ही कथा. त्या दिवशी मुलगा शेजारी बसून ती ऐकत होता, म्हणून मला नीट ऐकवली नाही. घरी आल्यावर त्याने स्वतःहून अज्जीला विचारलं, ‘‘परशू पुढे काय झाला?’’ अज्जी म्हणाली, ‘‘त्याला वर मिळाला रे. आपल्याला मिळत नाही. म्हणून आधी विचार करायचा.’’

खंडेनवमीला सुभेदार महूहून आले. आपल्याकडे बेळगावात करतात तशीच आम्ही आयुधपूजा मांडली. विळी, अडकित्ता, यजमानांची हत्यारपेटी, माझी कात्री, इमारतीतल्या दोन-चार सुऱ्या. मध्ये झेंडूचं फूल वाहिलेला अज्जांचा चाकू. पूजा झाल्यावर अज्जीने तो उचलला आणि नातवाकडून आधी एक रुपया मागून घेतला. फुकट दिलेला चाकू नातं कापतो, असं ती म्हणते. पहिल्या वेळी तिने रुपया घेतला नव्हता, ही रुखरुख तिला लागून राहिली होती. मग मूठ पुढे केली. तो ‘‘घेतला, अज्जी’’ म्हणाला, तेव्हा कुठे तिने हात सोडला.

२०१८ साली आम्ही बेळगावला परतलो. अज्जी आता नाही, मोठे काकाही नाहीत. मुलगा हुबळीला नोकरी करतो. रविवारी आपल्यासारख्याच पाच-सहा जणांना घेऊन दांडेलीच्या बाजूला फिरायला जातो. गेल्या दसऱ्याला घरी आला होता. मी जेवणानंतर पपई चिरायला घेतली, तर म्हणाला, ‘‘आई, दे इकडे.’’ सगळ्यांना फोडी वाटल्या, स्वतःची शेवटी घेतली. मग सुरी धुतली, पुसली आणि मूठ माझ्याकडे करून उभा राहिला. मी टीव्ही बघत होते, लक्ष नव्हतं. तो तसाच उभा.

‘‘अगं, घेतली म्हण की!’’